गिटार कोणाची, तारपा कोणाचा?

(जामसर, तालुका जव्हार येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जामसरच्या श्रोत्यांपुढे मुंबईतील साठीच्या दशकातल्या बीट ग्रुपांची हकीकत सांगावयाची, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत भात पिकू लागले की रात्री सूर ऐकू येतो तो तारप्याचा. कुलाब्याच्या आणि चर्चगेटच्या उपाहारगृहांत विजेवरच्या गिटारी वाजत होत्या, तेव्हा त्यांचा आवाज येथवर पोहोचला नाही आणि पोहोचण्याचे कारणही नव्हते. तथापि दोन्हीकडे एक प्रश्न समान आहे, आणि तो संगीताचा नसून अर्थशास्त्राचा आहे. वाद्य कोणाच्या मालकीचे? वाजविणाऱ्याच्या पोटाची सोय कोण करतो? आणि तो हात आखडला म्हणजे त्या संगीताचे काय होते?

प्रारंभ थोडा दूरचा घ्यावा लागेल. अमेरिकेत ज्याला ‘गॅरेज रॉक’ म्हणतात ते संगीत १९६४ च्या सुमारास फोफावले. त्या वर्षी फेब्रुवारीत बीटल्स मंडळी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकली आणि गावोगावच्या शाळकरी पोरांनी गिटारी हाती घेतल्या. घरातली मोटार बाहेर काढावयाची, रिकाम्या गॅरेजमध्ये ढोलताशे मांडावयाचे आणि तीन सुरावटींवर रात्र जागवावयाची, असा तो प्रकार. बहुतेक गटांचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. एखादी तबकडी, गावच्या रेडिओवर थोडी वाहवा, मग कोणी महाविद्यालयात गेला, कोणी व्हिएतनामच्या युद्धावर. या उत्साहाखाली एक पाया होता, तो मात्र सहसा कोणी पाहत नाही. सिअर्स कंपनीच्या टपाल-सूचीतून कामगाराच्या मुलालाही स्वस्त गिटार हप्त्याने मिळत होती. घर होते, मोटार होती, मोटारीला निवारा होता. गॅरेज रॉक ही सुबत्तेच्या अडगळीत वाढलेली कला होय.

मुंबईत गॅरेज कोठले? दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे झोपतात त्या शहरात ढोलांचा संच ठेवावयाचा कोठे, हाच पहिला प्रश्न. त्यामुळे हे संगीत सुरू झाले ते जागा असलेल्या वर्गात: वांद्र्याचे ख्रिस्ती बंगले, पारशी वसाहती, कुलाब्याची जुनी घरे, इंग्रजी शाळांची सभागृहे. गोव्याकडच्या कुटुंबांतील मुलांना चर्चमुळे स्वरलेखन येत होते. बाप किंवा काका चित्रपटाच्या वाद्यवृंदात नाहीतर हॉटेलच्या बँडमध्ये असे. आकाशवाणीवर या गाण्यांना जागा नव्हती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना तेथे हिंदी चित्रपटगीतांचीच कोंडी झाली, आणि श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. याच सिलोनवरून इंग्रजी गाणीही घराघरांत आली. सरकारने दार लावावे आणि लोकांनी खिडकी उघडावी, याचे इतके चोख उदाहरण नियंत्रणाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

आता किमतीकडे वळू. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. दोनशे डॉलरची गिटार आदल्या दिवशी ९५२ रुपयांची होती, ती दुसऱ्या दिवशी १,५०० रुपयांची झाली. जकात निराळी आणि आयात परवाना मिळेल तर. ते दुष्काळाचे दिवस होते, अमेरिकेच्या गव्हावर देश जगत होता. परकीय चलन गिटारींसाठी खर्चू नये हे धोरण चुकीचे होते असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु परिणाम काय झाला ते पाहावे. परदेशी वाद्य मिळे ते ज्याचा आप्त बोटीवर नोकरीला आहे त्याला, नाहीतर ज्याचा बाप श्रीमंत आहे त्याला. उरलेल्यांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणावे आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ध्वनिवर्धक जुळवून घ्यावा. या अनामिक कारागिरांचे ऋण त्या संगीतावर मोठे आहे. गायकांची नावे पुस्तकांत आली, यांची आली नाहीत.

अशा रीतीने उभ्या राहिलेल्या गटाला पैसे कोण देत होते? राज्यात दारूबंदी होती. त्यामुळे उपाहारगृहांत रविवारी सकाळी कॉफीच्या पेल्यावर तरुणांचे ‘जॅम सेशन’ चाले. मालकाला गिऱ्हाईक मिळे, पोरांना थोडे पैसे आणि पुष्कळ टाळ्या. दुसरा आश्रयदाता म्हणजे चित्रपट. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गुमनाम’ (१९६५) या चित्रपटात टेड लायन्स आणि त्याचा ‘कब्ज’ हा गट पडद्यावर वाजविताना दिसतो. गळा मात्र महंमद रफींचा आणि रचना शंकर-जयकिशन यांची. पुढे २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाचा आरंभच या नृत्यगीताने झाला आणि ते जगभर पोहोचले. पडद्यावर चेहरा गटाचा आणि गाणे दुसऱ्याचे, या एका दृश्यात त्या पिढीची सारी स्थिती साठविलेली आहे.

तिसरा आश्रयदाता सर्वांत मोठा निघाला, तो म्हणजे सिगारेटची कंपनी. इंडिया टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ या छापाच्या नावाने देशभरच्या बीट ग्रुपांची स्पर्धा भरविली. शिलाँगपासून बंगलोरपर्यंतचे गट तीत उतरले आणि मुंबईचे षण्मुखानंद सभागृह तरुणांनी भरून गेले. १९७० आणि १९७१ सालच्या स्पर्धांच्या दोन तबकड्या निघाल्या. त्या काळच्या भारतीय बीट ग्रुपांच्या स्वतःच्या रचना आज ऐकावयाच्या तर या दोन तबकड्यांकडेच प्रथम वळावे लागते. पुढे युरोपात त्या पुन्हा छापल्याही गेल्या. कंपनीने संगीतावर उपकार केले, हे मान्य करावयास हरकत नाही. पण कंपनीच्या हिशेबवहीत हा खर्च कोणत्या खात्यावर पडत होता? जाहिरातीच्या. तरुणाने विशिष्ट छापाची सिगारेट ओढावी म्हणून त्याला गाणे ऐकविले जात होते. जाहिरातीचा खर्च पुढच्या वर्षी दुसरीकडे वळविला की मागच्या वर्षीच्या गायकाने कोणाकडे दाद मागावयाची? संस्थानिक निदान दरबारी गवयाला निवृत्तीनंतर दोन घास देत असे.

१९६६ सालीच बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांचा प्रयोगीय कलांच्या अर्थकारणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचा सिद्धान्त मुळात साधा आहे. गिरणीत नवे यंत्र आले की त्याच कामगाराकडून अधिक कापड निघते, त्यामुळे मजुरी वाढली तरी कापड महाग होतेच असे नाही. परंतु चार वादकांची अर्ध्या तासाची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनी अर्ध्या तासात वाजविली, आणि आजही चौघांनाच अर्धा तास लागतो. इतरत्र उत्पादकता वाढते, येथे वाढत नाही. म्हणून प्रत्यक्ष वाजविलेले संगीत दिवसेंदिवस सापेक्षतः महाग होत जाते आणि त्याला कोणाचा तरी आधार लागतो. मुंबईच्या हॉटेलवाल्यांनी हा ग्रंथ वाचला असण्याचा संभव नाही. पण सिद्धान्त त्यांना समजला होता. सत्तरीच्या मध्यास डिस्कोचे वारे आले. पाच माणसांचा गट, त्यांचे जेवण, त्यांचे रुसवेफुगवे यांऐवजी एक तबकडी-यंत्र आणि ते फिरविणारा एक माणूस पुरू लागला. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपेलिन या जगप्रसिद्ध गटातील प्लांट आणि पेज हे कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये येऊन वाजवून गेले, ही आठवण त्या पिढीने जपून ठेवली आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत असे अड्डे ओस पडले.

या संगीताच्या मृत्यूचे कारण ‘ते परके होते’ असे एका वाक्यात देण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडलेली बरी. पेटी युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय भजन होत नाही. त्याच पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत परकी म्हणून मज्जाव केला होता. व्हायोलिन परके, क्लॅरिनेट परके. वाद्य परके असल्याने कोणतीही कला मरत नाही. आपल्या वर्गणीवर वादकाला पोसणारा समाज नसला म्हणजे ती मरते.

याचा पुरावा त्याच काळात, त्याच महाराष्ट्रात होता. पुण्याच्या ‘मेलडी मेकर्स’सारखे वाद्यवृंद गणेशोत्सवात गावोगाव फिरत होते. गिटार तीच, ढोल तेच; परंतु पैसे येत ते मंडळाच्या वर्गणीतून. घरटी रुपया देणारा माणूस समोरच्या सतरंजीवर बसलेला असे आणि आवडीचे गाणे झाले नाही तर तसे मोठ्याने सांगत असे. कलेच्या दृष्टीने त्यांत नवे थोडे, सगळी चित्रपटगीतांची उजळणी, हा आक्षेप खरा आहे. मात्र टिकण्याच्या दृष्टीने ते कुलाब्याच्या गटांपेक्षा बळकट ठरले. आणि त्याही आधी, लालबाग-परळच्या चाळींत अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचा लाल बावटा कलापथक एक डफ आणि एक तुणतुणे यांवर हजारोंची सभा धरून ठेवीत होता. लालबाग ते कुलाबा हे अंतर ट्रामने किती आण्यांचे होते? तरीही दोन्हीकडच्या पोरांची एकमेकांशी गाठ पडली नाही.

ती पडली बरीच उशिरा, आणि एका माणसाच्या रूपाने. नंदू भेंडे हा आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांचा मुलगा. वडील मराठी रंगभूमीवरचे मान्यवर नट-दिग्दर्शक. आई रंगभूमीवरची अभिनेत्री आणि शिवाय लोकसंख्याशास्त्रज्ञ. तारा कानिटकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले लोकसंख्याशास्त्रावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी अभ्यासले असेल याची गणती नाही. अशा घरातला हा मुलगा ‘वेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा मुंबईच्या गटांतून इंग्रजी रॉक गात वाढला. १९७४ साली अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीतक केले, त्यात त्याने ज्यूडास गायिला. तोवर त्याची वाट त्याच्या पिढीची वाट होती: इंग्रजी भाषा, इंग्रजी श्रोता, दक्षिण मुंबईचा प्रेक्षक.

१९७८ साली ती वळली. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्टच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चे ‘तीन पैशाचा तमाशा’ केले आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीसाठी जब्बार पटेल यांनी ते बसविले. ब्रेख्टने १९२८ साली बर्लिनमध्ये मांडलेला प्रश्न असा होता की, चोर आणि भांडवलदार यांत फरक तो काय? नंदू भेंडेने त्या नाटकाच्या संगीतात वाटा उचलला आणि त्यातला गुन्हेगार नायक अंकुश हाही त्यानेच उभा केला. लावणी, नाट्यपद आणि रॉक एका रंगमंचावर आली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. याच पुलंनी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले होते आणि १९७७ च्या निवडणुकीत ते आणीबाणीविरुद्ध सभा गाजवीत फिरले होते. म्हणजे कलापथकाचा डफ आणि कुलाब्याची गिटार यांची गाठ शेवटी मराठी नाटकाच्या तिकिटावर पडली. ते तिकीट सिगारेटच्या कंपनीने फाडलेले नव्हते. पुण्यामुंबईच्या शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्याने ते खिशातून पैसे काढून घेतले होते. रॉकमधला बंडाचा आवाज प्रथमच अशा भाषेत उमटला, की ज्यांच्याविरुद्ध बंड करावयाचे त्यांनाही तो कळावा.

हा प्रवाह पुढे रुंदावला असे मात्र झाले नाही. नंदू भेंडेला पोटासाठी चित्रपटाकडे वळावे लागले. ‘डिस्को डान्सर’मध्ये (१९८२) त्याचा आवाज आहे, आणि तो चित्रपट सोव्हिएत रशियात तुफान चालला हा इतिहासाचा एक गमतीचा फेरा म्हणावयाचा. २०१४ साली तो निवर्तला. मराठी रॉकची ती शाखा त्याच्यापाशीच थांबली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु ‘तमाशा’नंतर तसे दुसरे नाटक लगोलग उभे राहिले नाही, आणि त्याला नटांपेक्षा निर्मात्यांचे गणित जबाबदार होते. एवढा वाद्यवृंद घेऊन दौरा करावयाचा तर प्रत्येक प्रयोग भरलेला हवा. बॉमोलचा सिद्धान्त येथेही आडवा येतो.

त्या पिढीतल्या आणखी एकाने दुसरी वाट काढली, ती अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. शिवोलीचा रेमो फर्नांडिस मुंबईत वास्तुशास्त्र शिकत असताना ‘सॅव्हेजेस’ या नामांकित गटात वाजवीत होता. पॉलिडोर कंपनीने त्या गटाच्या तबकड्या काढल्या; पण अशा व्यवहारात कोणाचे आणि कोणते गाणे छापावयाचे हे कंपनी ठरविते. पुढे गोव्यात परतल्यावर त्याने १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत स्वतःच्या घरी मुद्रित केली. वाद्ये त्याची, गळा त्याचा, यंत्र त्याचे. आणि फिती स्कूटरवर घालून दुकानोदुकानी देणाराही तोच. कॅसेटच्या तंत्राने उत्पादनाचे साधन एका माणसाच्या आवाक्यात आणले होते, आणि गोव्याचा श्रोता त्याची गाणी आपली म्हणून विकत घेत होता. खऱ्या अर्थाने गॅरेजमधले संगीत भारतात कोणते, असे विचारले तर बोट या घराकडे दाखवावे लागेल. कंपन्या नंतर त्याच्या दाराशी आल्या, त्या त्याच्या अटी ऐकण्यासाठी.

आता जामसरकडे यावयाचे. तारपा म्हणजे काय? वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यास मेण. परवाना लागत नाही, डॉलरचा भाव लागत नाही. भोपळ्याचा वेल परसात चढतो आणि बांबू रानात. वारली, कोकणा आणि इतर जमातींतल्या वादकाला आपले वाद्य स्वतः करता येते, दुरुस्त करता येते, मुलाला शिकविता येते. तो मध्ये उभा राहतो, घोळकाठीवाला फेर हाकतो आणि कमरेला हात गुंफून रात्रभर माणसे त्याच्याभोवती फिरतात. तेथे प्रेक्षक आणि कलावंत असा भेदच नाही, मग तिकीट कोणी कोणाला विकावयाचे? मुंबईच्या गटांपाशी जे नव्हते ते सारे येथे आहे: साधनाची मालकी, स्वतःची भाषा, स्वतःचा समाज. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना नव्वदी ओलांडल्यावर, २०२६ साली, पद्मश्री जाहीर झाली. ज्या माणसाच्या घरात हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले, त्याला दिल्लीने ओळखावयास इतकी वर्षे घ्यावी, याबद्दल दिल्लीचे अभिनंदन करण्याची घाई नको.

मात्र आश्रयदाते आता इकडेही येऊ लागले आहेत. पर्यटन महोत्सव, सरकारी समारंभ, शहरातल्या मंडळांच्या मिरवणुका, विश्रामधामांतल्या शनिवारच्या रात्री. तारपा दहा मिनिटे वाजवावयाचा, फेर पाहुण्यांकडे तोंड करून धरावयाचा, आणि छायाचित्र झाले की पुढचा कार्यक्रम. वास्तविक या नृत्याचा नियम असा की तारप्याकडे पाठ फिरवावयाची नाही. मंचावर आले की पहिल्यांदा मोडतो तो हाच नियम. या बोलावण्यांतून मिळणारा पैसा नको असे म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही. पण तो पैसा कोणत्या खात्यावर पडतो हे विचारण्याचा अधिकार वादकाला आहे. जाहिरातीच्या खात्यावर पडत असेल तर तो सिमला स्पर्धेचा पैसा आहे, आणि त्याचे आयुष्य तेवढेच समजावे. म्हणून मानधन रोख आणि आगाऊ, ते एकट्या वादकाला नव्हे तर फेर धरणाऱ्या प्रत्येकाला, जाण्यायेण्याचा खर्च निराळा, आणि ध्वनिमुद्रण झाले तर त्याचा हक्क गावाकडे, एवढ्या अटी तारपा पथकांनी एकत्र येऊन लिहून ठेवाव्यात. रेमोच्या स्कूटरचे काम आज खिशातला फोन करू शकतो. तारप्याची ध्वनिमुद्रणे तशीही रोज कोणीतरी करून नेतच आहे.

लग्नांतला डीजे हा तारप्याचा शत्रू आहे अशी तक्रार येथे वारंवार ऐकू येते. ती खरी आहे, पण अर्धीच. डीजे एका रात्रीचा असतो. दिवाळी झाली की या तालुक्यांतली माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, बायकामुलांसह, आणि परततात ती पावसाच्या तोंडावर. घराला कुलूप, परसातला वेल वाळलेला. भोपळा खुंटीला टांगून ठेवता येतो, फेर टांगून ठेवता येत नाही. रोजगार हमीचे काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यावे असे कायदा सांगतो. जामसरच्या परिसरात कार्तिकात अशी मागणी किती कुटुंबांनी लेखी नोंदविली आणि त्यांतल्या किती जणांना काम मिळाले, हे ग्रामसभेत नावानिशी वाचून घ्यावे, आणि ते दिवाळीपूर्वीच्या सभेत घ्यावे, कारण नंतरच्या सभेला गावात माणसे नसतात.